असावे, म्हणे आणि दावा

२०२५च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी शेजारच्या काकूंनी आपला फोन माझ्यासमोर धरला. हिंदी मथळ्यात मुंबई आणि कोलकाता अशी दोन शहरांची नावे होती आणि खाली आकाशातून कोसळणारा पेटता दगड. काकू म्हणाल्या, "अगं, आपण तर बरोबर मधे आलो की." त्यांचा हिशेब रेल्वेचा होता. भिलाई मुंबई-हावडा मार्गावर आहे. इथून एका दिशेला गेले की मुंबई, दुसऱ्या दिशेला हावडा. एकाच मथळ्यात ती दोन्ही टोके आली की मधल्या माणसाला आपलेच नाव पुकारल्यासारखे वाटते.

तो दगड म्हणजे २०२४ वायआर४ नावाचा लघुग्रह. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीमधल्या एका दुर्बिणीतून तो सापडला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीच्या अखेरीस एक टक्क्याच्या वर गेली, १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोहोचली आणि २४ फेब्रुवारीला नासाने ती ०.००४ टक्क्यांवर आल्याचे जाहीर केले. आदळलाच तर कुठे, याचा एक लांबलचक पट्टाही शास्त्रज्ञांनी आखला होता : पूर्व पॅसिफिक, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र, दक्षिण आशिया. त्या पट्ट्यावरची मोठी शहरे वेचून मथळ्यात घातली की बातमी आपल्या गावची होते.

शक्यता आधी वाढली आणि मग एकदम नाहीशी झाली, यात कोणाची चूक नव्हती. मी काकूंना पाहुण्याचे उदाहरण दिले. पाहुणा म्हणतो, या आठवड्यात कधीतरी येईन. बुधवारी तो येण्याची शक्यता सातात एक. मग त्याचा निरोप येतो, मंगळवार ते गुरुवारच्या दरम्यान. बुधवारची शक्यता तिनात एक झाली, म्हणजे वाढली. मग तिसरा निरोप, गुरुवारचे तिकीट मिळाले. बुधवार शून्य. पाहुण्याने बेत बदलला नव्हता, आपली माहिती नेमकी होत गेली. लघुग्रहाच्या कक्षेचेही तेच. निरीक्षणे वाढली की अनिश्चिततेचा पट्टा आक्रसतो, पृथ्वी त्या पट्ट्यात असेपर्यंत टक्केवारी चढते आणि पट्टा पृथ्वीवरून सरकला की कोसळते. काकूंना हे दोन मिनिटांत कळले. पण ३.१ टक्क्यांची बातमी त्यांच्यापर्यंत तीन गटांतून आली होती, ०.००४ची मात्र पुढे मलाच सांगावी लागली.

मी भाषांतरावर पोट भरते. इंग्रजी आणि हिंदीतून मराठीत, कधी मराठीतून हिंदीत. कथा-कादंबऱ्यांच्या भाषांतराचे पैसे वर्षातून एकदा येतात, त्यामुळे मधल्या महिन्यांत बातम्याही केल्या आहेत. तेव्हापासून एक सवय लागली : विज्ञानाची एकच बातमी मी हिंदीत आणि मराठीत शेजारी-शेजारी उघडून वाचते.

अशा वाचनात सगळ्यात आधी दिसतो तो 'खुलासा'. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. कारणे दाखवा नोटीस आली की कारकून खुलासा देतो. हिंदी वृत्तवाहिन्यांच्या भाषेत खुलासा म्हणजे गौप्यस्फोट. मूळ अरबी शब्दाचा अर्थ सारांश, म्हणजे हे दोन्ही अर्थ त्याच्या आजोळी कोणी ओळखणार नाही, पण तो मुद्दा सोडू. आता मराठी बातम्यांतही 'नासाचा धक्कादायक खुलासा' येऊ लागला आहे. जुन्या मराठीच्या कानाने वाचले तर वाटते, नासाला कोणीतरी नोटीस दिली असावी. 'धोका' उलट्या वाटेने गेला. आमच्याकडच्या हिंदीत धोका म्हणजे फसवणूक. शाळेत असताना नागपूरहून परतल्यावर मी मैत्रिणींना सांगितले होते की तिकडे विजेच्या खांबावर 'धोका' लिहिलेले असते. त्या दिवसभर हसल्या : विजेने कोणाला फसवले?

तिसरा शब्द 'दावा'. तो मात्र दोन्ही भाषांत सारखाच आहे आणि माझ्या मते सर्वांत घातक आहे. 'शास्त्रज्ञांचा दावा.' दावा कोर्टात दाखल होतो, त्याला वादी असतो, प्रतिवादी असतो. शोधनिबंधात लिहिलेले असते की आमच्या निरीक्षणांवरून असे दिसते. त्याचे 'दावा' केले की शास्त्रज्ञ एक पक्षकार होतो आणि वाचकाला वाटते की दुसरा पक्ष कुठेतरी बसलेलाच असणार. शिवाय मधुमेह मुळापासून बरा करणाऱ्या बुवाचाही दावाच असतो. दोघांना एकच क्रियापद मिळाले की वाचकाने निवड कशावरून करायची?

हे शब्द कुठून आले, कोणी घडवले, हा प्रश्न भिलाईत बसून विचारला तर उत्तर फार लांब नाही. माधवराव सप्रे मराठी घरातले, जन्म १८७१चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. पेंड्रा इथे राजकुमारांचे शिक्षक असताना जानेवारी १९००मध्ये त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. छत्तीसगढमधल्या पत्रकारितेचा इतिहास तिथून मोजतात. त्यांचे सोबती रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे. आडनावांवरून कळेलच की आमच्या भागातली हिंदी पत्रकारिता कोणत्या घरांत रांगली. मासिक जेमतेम तीन वर्षे चालले. पुढे सप्र्यांनी दासबोध हिंदीत नेला, टिळकांचे गीतारहस्य नेले, चिंतामण विनायक वैद्यांचे महाभारतावरचे लेखन नेले. त्यांच्या चरित्रातली जी गोष्ट सहसा एका ओळीत उरकतात ती मला महत्त्वाची वाटते. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने इंग्रजी वैज्ञानिक संज्ञांना हिंदी प्रतिशब्द देणारा कोश हाती घेतला, तेव्हा त्यातला अर्थशास्त्राचा भाग सप्र्यांकडे होता. खगोल, रसायन, भूगोल, गणित, तत्त्वज्ञान, पदार्थविज्ञान आणि अर्थशास्त्र असे सात विषय. श्यामसुंदर दास यांच्या संपादनाखाली तो १९०६मध्ये निघाला.

एका मराठी माणसाने छत्तीसगढमधून काशीच्या कोशासाठी हिंदी शब्द घडवावेत, यात तेव्हा कोणाला नवल वाटले नसावे. नागपूर १९५६पर्यंत ज्या राज्याची राजधानी होते त्यातच आमचा दुर्ग जिल्हा होता आणि राज्यकारभाराच्या भाषा हिंदी व मराठी अशा दोन होत्या. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला तेव्हा भिलाईचे मंत्रालय नागपूरला होते. त्याच नागपुरात डॉ. रघुवीर संस्कृत धातू आणि उपसर्ग लावून हजारो पारिभाषिक शब्द पाडत होते. त्यानंतर महाराष्ट्रात १९६०मध्ये भाषा संचालनालय आले, दिल्लीत १९६१मध्ये वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग आला. प्रयागच्या विज्ञान परिषदेचे 'विज्ञान' मासिक १९१५पासूनचे, मराठी विज्ञान परिषद १९६६ची. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे दोन्ही भाषांतली पुष्कळ शहाणी माणसे या कामात गुंतली होती.

काम कोणते? शब्दांचे. ब्लास्ट फर्नेसला मराठीत 'झोतभट्टी' मिळाली, हिंदीत 'धमन भट्ठी'. दोन्ही चांगले शब्द आहेत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाईच्या पहिल्या भट्टीचे उद्घाटन केले, तेव्हापासून आजतागायत तिथे काम करणारे तिला फर्नेस म्हणतात आणि त्याने कोणाचे काही अडले नाही. शब्द उसना चालतो, वाक्य उसने चालत नाही. या सगळ्या कोशकारांविषयी आदर ठेवून मला एवढेच म्हणायचे आहे की त्यांनी विज्ञानाची नामे घडवली, क्रियापदांकडे कोणी पाहिले नाही. आणि विज्ञानातली शंका नामात नसते, क्रियापदात असते.

मराठीला तर याची चैन आहे. अंगण ओले दिसले की आपण म्हणतो, पाऊस पडला असावा. अंगण न पाहता, नुसता महिना आठवून म्हणतो, तिकडे पाऊस पडला असेल. दूधवाल्याकडून कळले तर, पाऊस पडला म्हणे. पहिल्यात पुरावा आहे, दुसऱ्यात अंदाज, तिसऱ्यात ऐकीव माहिती, आणि शाळेत न गेलेली आजीसुद्धा यात चूक करत नाही. हिंदीत पहिली दोन्ही ओझी 'हुई होगी'ला वाहावी लागतात. हिंदीकडे दुसरी सोय आहे. जुना, काळजीवाहू उपसंपादक पावसाची 'संभावना' लिहितो आणि पुराची 'आशंका'. छत्तीसगढीत ऐकीव गोष्टीला 'कहिथें' आहे. शोधनिबंधाला जे लागते ते सगळे आमच्या बोलण्यात आधीपासून पडलेले आहे. संभाव्यतेसाठी हिंदी पाठ्यपुस्तकांनी 'प्रायिकता' असा शब्द घेतला. दहावीनंतर तो मला कुठल्याही हिंदी बातमीत भेटलेला नाही.

आता जुन्या काळी सगळे बरे होते असे मी म्हणत नाही. पण एक फरक नोंदवला पाहिजे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले तेव्हा त्यात इंग्रजी आणि मराठी असे दोन स्तंभ शेजारी-शेजारी असत. ज्याला दोन्ही येत होते तो भाषांतरकाराला जागेवर पकडू शकत होता. बाळशास्त्री गणित आणि ज्योतिष शिकवणारे गृहस्थ. १८४०मध्ये त्यांनी 'दिग्दर्शन' मासिक काढले आणि त्यात शास्त्रीय विषय आणले, तेव्हा ते स्वतःला कळलेलेच मराठीत सांगत होते. मूळ शेजारी ठेवणे किंवा मूळ स्वतःला कळलेले असणे, यापैकी एक तरी अट पाळली जात होती. माझ्या उमेदीच्या वर्षांत मी ज्या बातम्या भाषांतरित केल्या त्यांचे मूळ म्हणजे एका इंग्रजी संस्थळाने दुसऱ्या इंग्रजी संस्थळावरून घेतलेली बातमी. शोधनिबंध तीन घरे पलीकडे, आणि त्याचा पत्ता बातमीत असेलच असे नाही.

१९७९मध्ये मी जन्मले नव्हते, पण स्कायलॅब आमच्या घरात पुष्कळ वर्षे राहिली. बाबा रेल अँड स्ट्रक्चरल मिलमध्ये होते. ११ जुलैला ती अमेरिकी अंतराळ प्रयोगशाळा पडली, त्याच्या आधीच्या आठवड्यात पाळीवर दुसरा विषय नव्हता म्हणे. कोणी गावाकडे पैसे पाठवून दिले, कोणी उधारी फेडायचे थांबवले. ७७ टनांचे यान, कधी आणि कुठे पडेल ते शेवटपर्यंत नक्की सांगता येत नव्हते. नासाने एक आकडा दिला होता : पृथ्वीवरच्या कुठल्याही एका माणसाला तुकडा लागण्याची शक्यता १५२त एक. हा आकडा भीतीदायक आहे खरा. पण तो 'कुणातरी एकाला' लागण्याचा आहे. 'मला' लागण्याचा काढायचा तर त्याला जगाच्या लोकसंख्येने, म्हणजे तेव्हाच्या ४०० कोटींहून अधिकने भागायला हवे. ती शक्यता सुमारे ६० हजार कोटींत एक येते. 'कोणाला तरी' आणि 'मला' या दोन सर्वनामांमधले अंतर बातमीने पार करून दिले नाही तर वाचक ते कसे करणार? स्कायलॅब हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली. कोणाला खरचटलेही नाही.

बाबांची त्यावरची टीका मात्र वेगळी होती. ते म्हणत, लोक घाबरट नव्हते, त्यांना नीट सांगितले नाही. कारखान्यात झोतभट्टीचा वायू असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर, त्याला रंग नाही, वास नाही. "तिथे गॅस असू शकतो" एवढ्या वाक्यावर आम्ही जागा रिकामी करायचो, बाबा सांगत. "आहे" म्हणेपर्यंत थांबलेला माणूस सांगायला परत येत नाही. भिलाईचा कामगार शक्यतेच्या वाक्यावर आयुष्यभर वागत आला आहे. असू शकतो म्हणजे कमकुवत वाक्य, ते मथळ्यात शोभत नाही, ही समजूत बातम्यांच्या टेबलावरची आहे.

१० सप्टेंबर २००८ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतला महाकाय कणवेगवर्धक पहिल्यांदा सुरू झाला. त्याच्या आधी काही दिवस हिंदी वाहिन्यांवर 'महाप्रयोग' आणि 'महाप्रलय' हे शब्द जोडीने फिरत होते : कृष्णविवर तयार होईल, पृथ्वी गिळली जाईल. सर्नने जूनमध्येच सुरक्षेचा अहवाल काढला होता. त्यातला युक्तिवाद साधा होता. याहून जोरदार टकरी विश्वकिरण आपल्या वातावरणात अब्जावधी वर्षे घडवत आले आहेत आणि आपण अजून आहोत. पण मला आजही चीड येते ती याहून साध्या गोष्टीची. त्या दिवशी टक्कर होणारच नव्हती. १० सप्टेंबरला प्रोटॉनचे झोत एकेका दिशेने फिरवून पाहायचे होते, एवढाच बेत होता. टकरी पुढे २००९च्या नोव्हेंबरमध्ये झाल्या. हे कळायला पदार्थविज्ञान लागत नाही, पत्रक शेवटपर्यंत वाचावे लागते.

मध्य प्रदेशातल्या एका सोळा वर्षांच्या मुलीने त्या दिवसांत जीव दिला. जगबुडीच्या बातम्या पाहून ती घाबरली होती, असे तिच्या वडिलांनी सांगितले आणि ती बातमी जगभर गेली. एका माणसाच्या मृत्यूमागे एकच कारण असते असे मी मानत नाही, आणि इथे मी 'वडिलांनी सांगितले' हे शब्द मुद्दाम ठेवले आहेत. तेवढेच आपल्याला माहीत आहे. पण तेवढेही पुरेसे आहे. छत्तीसगढ २०००पर्यंत मध्य प्रदेशातच होते. त्या घरात ज्या वाहिन्या लागत होत्या त्याच आमच्या घरात लागत होत्या.

त्याच यंत्रावर ४ जुलै २०१२ रोजी नवा कण सापडला. सर्नच्या निवेदनात तो हिग्ज बोसॉनशी 'सुसंगत' असल्याचे म्हटले होते, आणि त्याची आणखी तपासणी करून 'हा एक हिग्ज बोसॉन आहे' म्हणायला त्यांनी पुढचा मार्च उजाडू दिला. मराठीत त्याच दिवशी 'देवकण' सापडला, हिंदीत 'ईश्वरीय कण' आणि 'ब्रह्मकण'. हे टोपणनाव लिऑन लेडरमन या नोबेलविजेत्याच्या १९९३च्या पुस्तकाच्या नावातून आले. त्याला म्हणे तिथे एक सौम्य शिवी घालायची होती, प्रकाशकाने अर्धी कापली आणि देव उरला. शिवीचे भाषांतर करताना भक्ती होऊन बसल्याचे याहून चांगले उदाहरण भाषांतराच्या वर्गात मी दिले नसते.

इतरांच्या चुका मोजून झाल्या, आता माझी सांगते.

मार्च २०२०. टाळेबंदी लागण्याच्या आदल्या दिवसांत एका वृत्तसंस्थळासाठी मी रात्री बातम्या करत होते, शब्दाला ठरलेल्या पैशांवर. त्यात फ्रान्समधल्या मार्सेयचा एक अभ्यास आला. २० मार्चला तो प्रसिद्ध झाला होता : हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन दिलेल्या कोविड रुग्णांत विषाणू लवकर नाहीसा झाला. एकूण रुग्ण ३६, त्यांतल्या २० जणांना औषध दिलेले. माझ्यासमोरच्या इंग्रजी बातमीत पाचव्या परिच्छेदात एक वाक्य होते की हा अभ्यास छोटा आहे आणि रँडमाइज्ड नाही. मला ३०० शब्द होते. कोशात शब्द आहे : अयादृच्छिक. मी तो लिहिला, वाचला, आणि खोडला. हा शब्द वाचून कोणाला काय कळणार? त्याच्या जागी काय लिहायचे ते त्या रात्री सुचले नाही, शब्दसंख्याही भरली होती, म्हणून ते वाक्यच गेले. मथळा माझा नव्हता, टेबलावरून लागला : औषध सापडले? आणि पुढे 'शास्त्रज्ञांचा दावा'. पण खालचा मजकूर माझा होता आणि त्यात ते प्रश्नचिन्ह खरे ठरवणारा एकही शब्द मी शिल्लक ठेवला नव्हता.

लिहायला हवे होते ते वाक्य असे : औषध कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. अकरा शब्द. त्याच्या पुढे आणखी एक, जे मूळ निबंधातच होते आणि मी निबंध उघडला असता तर दिसले असते : औषध घेणारे मुळात २६ होते, त्यांतले सहा हिशेबातून वगळले गेले, आणि त्या सहांपैकी तिघांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले होते, एक दगावला होता.

काकूंना संधिवात आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन त्या कोविडच्या कितीतरी आधीपासून घेतात. या गोळीचे खरे गिऱ्हाईक त्याच, संधिवाताचे आणि ल्यूपसचे रुग्ण. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सेक्टरच्या मार्केटमधल्या दोन्ही दुकानांत गोळ्या नव्हत्या. २६ मार्चला सरकारने ते औषध चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घालणाऱ्या कडक यादीत टाकले, पण तोवर लोकांनी पाकिटे घरात भरून ठेवली होती. काकू दारात उभ्या राहून सांगत होत्या, दोन हातांचे अंतर राखून. लोकांना कसे कळले हो, असे मी विचारले. त्यांनी फोन पुढे केला : "मराठीतसुद्धा आलंय, बघ." ती माझी बातमी होती. खाली नाव नव्हते, पण स्वतःचे वाक्य माणसाला ओळखू येते.

माझ्या एका बातमीने भिलाईच्या गोळ्या संपल्या असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर तोही दावाच होईल. अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्या औषधाची जाहीर तारीफ केली होती, आपल्याकडे आरोग्यसेवकांना ते प्रतिबंधक म्हणून देण्याचा सल्ला निघाला होता, हिंदी वाहिन्यांवर दिवसभर तेच होते. काकूंना चार आठवडे जुन्या, दुसऱ्या गोळीवर काढावे लागले. सकाळी बोटे मिटत नसत. त्यांनी ते फारसे सांगितले नाही, काकांनी सांगितले.

त्यानंतर मी वैद्यकाच्या बातम्या सोडल्या. हा काही बाणेदारपणा नव्हता, बातम्यांचे काम पुढे कमीच झाले. आता बहुतेक ठिकाणी पहिले भाषांतर यंत्र करते आणि माणूस वरून हात फिरवतो. यंत्राच्या मराठीवर हसणारे मित्र मला पुष्कळ आहेत. मी मात्र ते कुठे 'असावे' लिहिते आणि कुठे 'आहे' तेवढे पाहते, आणि पुष्कळदा ते त्या रात्रीच्या माझ्यापेक्षा बरे निघते.

लघुग्रहाच्या त्या संध्याकाळी पाहुण्याचे उदाहरण ऐकून झाल्यावर काकूंनी फोन बाजूला ठेवला आणि विचारले, "मग त्या माझ्या गोळ्यांचं काय झालं गं शेवटी? करोनावर चालायच्या का?" मी सांगितले की नाही, मोठ्या चाचण्यांत उपयोग दिसला नाही. आणि तो फ्रान्सचा निबंध दोन महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०२४मध्ये, नियतकालिकाने मागे घेतला. मग हेही सांगितले की तेव्हा तुम्ही दाखवलेली मराठी बातमी मी केली होती. काकू जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मागे घेतल्याची कुठे आली नाही ती मराठीत?"

मला तरी दिसली नव्हती. कोणी भाषांतराला दिलीही नव्हती. त्या रात्री मी ती स्वतःच लिहिली, ११० शब्दांत. चिठ्ठ्या टाकण्याचे वाक्य घातले, वगळलेले सहा रुग्ण घातले, निबंध कधी आला आणि कधी मागे घेतला ते घातले. मथळ्याला प्रश्नचिन्ह लागले नाही. काकूंनी ती आपल्या भजनी मंडळाच्या गटावर पाठवली. एकीने हात जोडले, दुसरीने शुभ रात्रीचे फूल टाकले आणि तिसरीने विचारले, दगडाचं काय झालं म्हणे?